पहिला म्हणेल ते

जमावरावांना जमावराव हे नाव नाटकातल्या लोकांनी दिलं, आणि त्यात त्यांच्यावर फार अन्याय झाला असं कुणालाच म्हणता येणार नाही. दिवसभर पाणीपुरवठा खात्यात मान खाली घालून काम करायचं आणि संध्याकाळी हौशी नाट्यमंडळात जाऊन जमावात उभं राहायचं, यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. राजाचा जयजयकार करणारा जमाव, राजाला हाकलून लावणारा जमाव, कारखान्याच्या फाटकावरचा जमाव, न्यायालयातला जमाव. एका नाटकात तर ते दोन्ही पक्षांच्या जमावांत होते. मध्यंतरात फक्त टोपी बदलावी लागे. स्वतःचं असं एक वाक्य त्यांना कधी मिळालं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांनी ते कधी मागितलंही नाही.

घरातही कामाची विभागणी साधारण अशीच होती. वाक्यं बायकोकडे, मुलाकडे, सुनेकडे. आणि बायकोच्या थोरल्या भावाकडे स्वगतं. हे मेहुणे कुठल्याशा गृहसंस्थेचे अध्यक्ष होते आणि ती गोष्ट कपड्यांबरोबर उतरवून ठेवता येते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे बहिणीच्या घरी चहाला आले तरी ते सभाच चालवत. जमावराव कोपऱ्यात बसून "हो ना", "बरोबर आहे" म्हणत. भांडण नाही, तंटा नाही. शेजारीपाजारी म्हणत, माणूस कसा गरीब गायीसारखा आहे.

ते निवृत्त झाले, नाट्यमंडळ बंद पडलं आणि ते दिवसभर घरात बायकोच्या पायात पायात येऊ लागले. त्याच सुमारास विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाला काही माणसं हवी आहेत असं त्यांच्या कानावर आलं. अट एवढीच, की माणूस वेळ पाळणारा, साधा आणि चारचौघांत उठून न दिसणारा हवा. जमावराव एकदा आरशात पाहून आले आणि तडक निघाले. निवड करणाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पुन्हा एकदा पाहावं लागलं, कारण पहिल्यांदा पाहिलेलं कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. जमावराव तिथल्या तिथे पक्के झाले.

प्रयोग असा होता. एका लांबट टेबलाभोवती पाच माणसं बसायची. टेबलावर एकसारखे तीन पत्र्याचे डबे, एक लाल, एक पिवळा, एक निळा. तिन्हींची झाकणं कथलाचा डाख देऊन पक्की केलेली. एकात शिसं भरलेलं, बाकीच्यांत भुसा. प्रत्येकाने आळीपाळीने तिन्ही डबे उचलायचे आणि सर्वांत जड कुठला ते मोठ्याने सांगायचं. फरक इतका उघड होता की शिशाचा डबा उचलताना मनगट वाकत असे. लहान पोरानेही डोळे मिटून सांगितलं असतं.

मेख अशी की पाचांतला एकच माणूस खरा असायचा. त्याला विभागात 'पाहुणा' म्हणत. उरलेले चौघे 'घरचे'. ते विभागानेच नेमलेले. घरच्यांनी एकमुखाने चुकीचा डबा सांगायचा आणि पाहुणा शेवटून दुसऱ्या खुर्चीवर बसून काय करतो ते भिंतीतल्या काचेमागून पाहायचं. बाकीची माणसं म्हणतात म्हणून एक माणूस स्वतःच्या हाताला खोटं पाडतो का, एवढाच संशोधनाचा विषय. विषय लिहायला मात्र विभागाला दीड पान लागलं होतं.

चुकीचा डबा कुठला सांगायचा हे फक्त पहिल्या माणसाला ठाऊक असे. पहिले म्हणजे एक माजी विमा एजंट. त्यांचा आवाज इतका खर्जातला होता की त्यांनी "आज हवा बरी आहे" म्हटलं तरी ऐकणाऱ्याला वारस नेमून टाकावासा वाटे. दुसऱ्या होत्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एक बाई. जन्मभर "थांबा, जोडून देते" म्हणाल्यामुळे त्यांच्या बोलण्यावर कुणी शंका घेत नसे. तिसरे वकील, ज्यांची वकिली चालली नव्हती. आणि पाहुण्याच्या पलीकडे, शेवटच्या खुर्चीवर, जमावराव. या तिघांना विभागप्रमुख बाईंनी एकच नियम घोटून घोटून पाठ करायला लावला होता: पहिला म्हणेल ते.

"डोकं वापरायचं नाही," बाई सांगत. "तुम्ही डोकं वापरलंत की माझा प्रयोग बिघडतो."

एवढी सोपी भूमिका जमावरावांना कधीच मिळाली नव्हती. शिवाय त्यात त्यांच्या वाट्याला एक अख्खा शब्द होता. ते घरी आरशासमोर "लाल" म्हणून बघत, मग "पिवळा", मग जरा विचार केल्यासारखं करून "निळा".

बाई स्वतः फार हुशार होत्या. स्वतंत्र विचारशक्तीवर त्या व्याख्यान देऊ लागल्या की त्यांचे सगळे सहायक एकाच वेळी माना डोलावत आणि एकाच वेळी टिपून घेत. प्रयोगाच्या सुरुवातीला बाईंनी अंदाज मांडला की शिकलेली माणसं कमी झुकतील. सहायक म्हणाले, उघडच आहे. पुढे आकडे नेमके उलटे आले. तेव्हा बाई म्हणाल्या की शिकलेलीच माणसं जास्त झुकतात. सहायक म्हणाले, आम्हाला आधीपासून तसंच वाटत होतं. त्यांच्यावर काचेमागून लक्ष ठेवायला मात्र विभागाने कुणाला नेमलं नव्हतं.

प्रयोग संपला की 'उलगडा' व्हायचा. बाई आतून येत, पाहुण्याला पाणी देत आणि सांगत की ही सगळी मंडळी आमचीच, ती मुद्दाम खोटं बोलत होती, तुमच्या हातात काही दोष नाही. हा नियमच होता. उलगडा केल्याशिवाय पाहुण्याला घरी पाठवायचं नाही. बहुतेक पाहुणे मग हसून म्हणत, "मला आधीच शंका आली होती!" जे मुकाट्याने सगळे चुकीचे डबे सांगून बसलेले असत ते तर हे जरा जास्तच जोरात म्हणत.

उलगड्याला जमावराव कधी थांबले नाहीत. बाई दारातून आत आल्या की ते चहाच्या निमित्ताने बाहेर पडत. नाटक संपल्यावर रंग पुसायला पळावं तसे. पाहुण्याच्या तोंडाकडे बघणं त्यांना नको वाटे.

एकदा मालधक्क्यावरचा एक हमाल पाहुणा म्हणून आला. ओझी उचलण्यात जन्म गेलेला माणूस, तळहात नुसते पायपुसण्यासारखे. विमा एजंट म्हणाले, "लाल." टेलिफोनवाल्या बाई म्हणाल्या, "लाल." वकील म्हणाले, "निर्विवादपणे लाल." हमालाने लाल डबा उचलला, पिवळा उचलला, निळा उचलला. निळ्याला त्याचं मनगट वाकलं. त्याने निळा खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि मग स्वतःच्या तळहाताकडे बघत बसला, दुसऱ्या कुणाचा हात चुकून आपल्याकडे आला असावा तसा.

"लालच म्हणायचा," तो खाली बघून म्हणाला.

"लाल," जमावराव म्हणाले, आणि चहाला उठले. दार ओढून घेता घेता 'लालच का?' हा बाईंचा प्रश्न आणि हमालाचं उत्तर त्यांच्या कानावर पडलंच.

"एवढी शिकलेली माणसं. तुम्ही सगळे म्हणताय म्हणजे तसंच असेल. माझ्याच हातात आता काही राहिलं नसेल."

त्या दिवशी जमावरावांना चहा गोड लागला नाही.

त्यांना खरी आवडायची ती प्रयोगाची दुसरी तऱ्हा. तीत बाई त्यांची खुर्ची पाहुण्याच्या अलीकडे आणत आणि त्यांना एकट्याला खरं बोलायला सांगत. बाकीचे तिघे "पिवळा" म्हणत आणि जमावराव म्हणत, "मला बुवा निळा जड लागला." बास. पाहुणा ताठ बसे. बुडत्याला काठ लागावा तसा त्यांच्याकडे बघे आणि खणखणीत आवाजात म्हणे, "निळा!" दर वेळी. बाई म्हणत, हा आपल्या संशोधनातला सर्वांत सुंदर निष्कर्ष आहे. माणसाला सत्य बोलायला फौज लागत नाही, सोबतीला एक माणूस पुरतो. जमावराव तो निष्कर्ष घरी घेऊन जात आणि कुणाला सांगावा हे न कळून आपल्या अक्काला सांगत.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले तेव्हा तिने यांना वाढवलं. तिचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. ते गेल्यावर त्यांची अवजारं घेऊन ती भावाकडे राहायला आली आणि मागच्या खोलीत बसून ती स्वतःच घड्याळं दुरुस्त करू लागली. भिंतीवरची, टेबलावरची, लंबकाची, ठोक्यांची. खोली घड्याळांनी भरलेली होती आणि त्यांच्यातल्या कुठल्याही दोघांचं एकमत नव्हतं. तिथे दिवसात कधीही बारा वाजत.

जमावरावांचं प्रत्येक नाटक पाहायला घरातून एकटी अक्का जात असे. परत आल्यावर म्हणायची, "तिसऱ्या ओळीत डावीकडे होतास. तोंड हलवत होतास, आवाज काढत नव्हतास."

"जमावात कुणाला कळतंय?"

"मला कळतं."

तर अशा या अक्काची खोली मुलाला हवी झाली. तो घरूनच काम करू लागला होता, आणि साहेबांशी महत्त्वाचं बोलणं चालू असताना मागून कधी सात, कधी चार असे ठोके पडत. साहेबांनी एकदा विचारलं म्हणे, "तुम्ही नक्की कुठल्या देशात आहात?" सुनेने शहराबाहेरचा एक ज्येष्ठांचा निवास शोधून काढला. बाग होती, डॉक्टर होते, वाचनालय होतं. फक्त तिथे घड्याळं न्यायला परवानगी नव्हती, बाकीच्यांची झोपमोड होते म्हणून. एक हातातलं चालेल, असं निवासाच्या लोकांनी उदारपणे कळवलं होतं.

अक्काला विचारलं तेव्हा ती "बघू या" म्हणाली. हातातली चिमटी खाली न ठेवता.

बायको म्हणाली, "दादाला बोलावू या रविवारी. त्याच्यासमोर सगळ्यांचं मत घेऊ, म्हणजे उद्या कुणी कुणाला बोल लावायला नको."

जमावरावांनी सवयीने मान डोलावली. अक्काला घालवून देणं त्यांना अजिबात मान्य नव्हतं. घड्याळांशिवाय ती बागेत बाकावर बसलेली त्यांना दिसू लागली आणि जेवण जाईना. पण 'नाही' हा शब्द त्यांनी या घरात कधी उच्चारलेलाच नव्हता. तो कुठून सुरू करतात हेही त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर बायकोला बाजूला घेऊन चार शब्द बोलला असता. जमावराव पडले संशोधनक्षेत्रातले. त्यांनी शास्त्राचा आधार घ्यायचं ठरवलं. आणि शास्त्रातही, एक माणूस पुरतो हा बाईंचा सुंदर निष्कर्ष बाजूला ठेवून, त्यांनी नेमकी फौज जमवायला घेतली.

विभागात मधल्या वेळेत त्यांनी तिघांना गाठलं.

"रविवारी चहाला या घरी. माझे नाटकातले जुने स्नेही म्हणून. अक्काचा विषय निघेल. मी पहिला बोलेन, की अक्का इथेच राहायला हवी. मग तुम्ही आपलं नेहमीचं."

"पहिला म्हणेल ते," विमा एजंट खर्जात म्हणाले.

"पहिला म्हणेल ते," टेलिफोनवाल्या बाई म्हणाल्या.

"निर्विवादपणे," वकील म्हणाले.

जमावरावांच्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढ्या पटकन त्यांच्या म्हणण्याला आजवर कुणी होकार दिला नव्हता.

रविवारी तिघे वेळेवर हजर झाले. मेहुणे खिडकीजवळच्या मोठ्या खुर्चीत आधीच स्थानापन्न झालेले होते. पाहुणे पाहून त्यांची कळी खुलली. श्रोते वाढले की त्यांना सभा भरल्यासारखी वाटे. तिघे त्यांच्या शेजारी कोचावर ओळीने बसले. पुढे जेवणाच्या खुर्च्या मांडून सून, मुलगा आणि बायको. जमावराव सगळ्यांना खुर्च्या देत फिरले आणि स्वतःला शेवटी कपाटाजवळचं स्टूल उरलं. त्यांच्या पलीकडे, आपल्या खोलीच्या दारात, वेताच्या खुर्चीवर अक्का. स्टुलावर टेकल्यावर जमावरावांच्या लक्षात आलं की ही शेवटून दुसरी जागा. त्यांना जरा कसंतरी झालं, पण चहा आला आणि ते विसरले.

ठरल्याप्रमाणे चहा आला की बोलायचं होतं. जमावरावांनी घसा साफ केला. वाक्य तयार होतं, रात्रभर पाठ केलेलं. आणि जन्माची सवय आडवी आली. पुढून कुणाचा तरी आवाज येईपर्यंत जमावाने थांबायचं असतं. ते एक क्षण थांबले.

तो क्षण मेहुण्यांनी सोडला नाही.

"बरं झालं, तिऱ्हाईत मंडळीही आहेत," ते कप खाली ठेवत म्हणाले. "विषय थोडक्यात सांगतो." तो त्यांनी थोडक्यात सांगितला नाही. शेवटी म्हणाले, "तेव्हा माझं स्पष्ट मत, अक्कांनी निवासात जावं. त्यांच्याच हिताचं आहे. आता एकेकाने आपलं मत द्यावं. आपण सांगा, आपल्याला काय वाटतं?"

विमा एजंटांनी जमावरावांकडे पाहिलं. जमावरावांनी डोळे वटारले, भुवया उडवल्या, खोकले, मान जोरजोराने हलवली. एजंटांनी धीर देणारं स्मित केलं. विभागात ते स्वतःच पहिले असत. इथे पहिले दुसरेच कुणी होते, पण नियम तो नियम.

"निवासात जावं," ते म्हणाले. असा काही आवाज लागला होता की सुनेने पदर सावरला.

"जावंच," टेलिफोनवाल्या बाई म्हणाल्या. "बाग असते हो."

"निर्विवादपणे जावं," वकील म्हणाले आणि बिस्कीट उचललं.

आता सुनेची पाळी. सून वाईट नव्हती. खरं म्हणजे सकाळपासून तिचं मन खात होतं, आणि कुणी आडवं बोललं असतं तर तिला बरंच वाटलं असतं. पण इतकी जाणती, परकी माणसं सांगतायत म्हटल्यावर ती म्हणाली, "मलाही तसंच वाटतं." मुलगा म्हणाला, "आत्याला आम्ही भेटायला येऊच की दर आठवड्याला." बायको नणंदेकडे न बघता म्हणाली, "वन्संच्या तब्येतीला तिकडची हवा मानवेल."

मग सगळे जमावरावांकडे वळले.

त्यांना सगळं माहीत होतं. आपण कुठल्या जागेवर बसलोय, आपल्या आधी कितीजण बोललेत, त्यांतले तिघे तर आपणच बोलावलेत. एक माणूस पुरतो हे माहीत होतं. पलीकडे बसलेल्या बाईला आत्ता एकाच सोबत्याची गरज आहे, आणि तो आपण आहोत, हेही माहीत होतं. जगात या प्रसंगाची एवढी तयारी करून बसलेला दुसरा माणूस सापडला नसता.

"बरोबर आहे," जमावराव म्हणाले. "जावं."

आवाज त्यांच्या ओळखीचा होता. न्यायालयातल्या जमावाचा.

अक्काने मांडीवरचे हात उलटे केले आणि तळहातांकडे बघितलं. मशीनच्या तेलाने काळवंडलेल्या रेषा होत्या त्यांवर.

"तुम्ही सगळे म्हणताय म्हणजे तसंच असेल," ती म्हणाली. "मीच आता जुनी झाले असेन."

मेहुणे "ठराव एकमताने" असं काहीसं म्हणू लागले. टेलिफोनवाल्या बाईंनी पर्स उचलली. काम संपलं की चहाला उठायचं ही जमावरावांचीही सवय, आणि ते उठलेही. कप गोळा करायला वाकले. पण पायांनी दाराची वाट धरायला नकार दिला. उलगडा केल्याशिवाय पाहुण्याला घरी पाठवायचं नाही. एरवी बाई यायच्या. आज कुठल्या काचेमागून कोण येणार होतं?

कप त्यांनी परत खाली ठेवले.

"अक्का," ते म्हणाले, "हे तिघे माझे स्नेही नाहीत. म्हणजे आहेत, पण नाटकातले नाहीत. मी यांना खोटं बोलायला आणलं होतं."

मेहुणे म्हणाले, "भाऊजी, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"यांना काही मत नाही," जमावराव पुढे बोलत राहिले. आता थांबलो तर पुन्हा सुरू करता येणार नाही हे त्यांना कळत होतं. "पहिला म्हणेल ते म्हणायचं, एवढंच यांचं काम. माझंही. आमच्यासमोर तीन डबे असतात, एकात शिसं असतं. ते हाताला लागतं गं, स्पष्ट लागतं, आणि तरी आम्ही दुसराच डबा सांगतो, आणि मधला जो बिचारा खरा असतो त्याला वाटतं आपलाच हात बिघडला. परवा एक हमाल आला होता, तो..." हमालाचं त्यांनी तिथेच सोडलं. "तुझ्या हाताला काही झालेलं नाही, अक्का. एवढंच सांगायचं होतं. नियम आहे तसा."

मागच्या खोलीत कुठल्यातरी घड्याळाने नऊ ठोके दिले; तेव्हा संध्याकाळचे पाच वाजायचे होते.

वकील बिस्कीट हातात धरून बसले होते. बायको नवऱ्याकडे अशी बघत होती, जणू लग्नात आपण याला नीट पाहिलंच नव्हतं.

"ते डबेबिबे राहू दे," अक्का म्हणाली. "तुझ्या हाताला काय लागलं ते सांग."

विभागात हा प्रश्न घरच्यांना कधीच कुणी विचारला नव्हता. बाईंनी नाही, सहायकांनी नाही. जमावरावांना एकदम स्टुलावर बसावंसं वाटलं, पण ते उभेच राहिले.

"तू जाऊ नकोस," ते म्हणाले. "मला नको आहे तू गेलेली. ठोके पडतात तर पडू देत. मी बाहेरच्या खोलीत झोपेन, माझी खोली पोराला देऊ. पण तू घड्याळं सोडून कुठेतरी बाकावर बसायचं नाहीस. नाही म्हणजे नाही."

शेवटचे तीन शब्द जरा मोठ्यानेच आले. ते ऐकून सर्वांत जास्त दचकले ते स्वतः जमावराव.

विमा एजंटांनी घाईघाईने घसा साफ केला. त्यांच्या दृष्टीने आता कुठे खरा पहिला बोलला होता.

"अक्कांनी इथेच राहावं," ते खर्जात म्हणाले.

"इथेच," टेलिफोनवाल्या बाई म्हणाल्या. "बागेत डास असतात हो."

"निर्विवादपणे," वकील म्हणाले, आणि बिस्कीट तोंडात टाकलं.

सून सुटल्यासारखी म्हणाली, "मी ह्यांना तेच सांगत होते सकाळी." मुलगा म्हणाला, "आत्या, मला तसं कधी वाटलंच नव्हतं गं, फक्त ते साहेबांचं..." बायकोने डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली की वन्संशिवाय घर खायला उठेल हे तिने पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं. राहता राहिले मेहुणे. त्यांनी खोलीभर एक नजर टाकली, माना मोजल्या आणि खुर्चीत पुढे सरकले.

"माझा मूळ मुद्दा तोच होता," ते म्हणाले. "तुम्ही मला पुरतं बोलू दिलं नाहीत. ठराव एकमताने."

अक्का हसली. हसता हसता तिने सगळ्यांवरून नजर फिरवली, एजंटांपासून मेहुण्यांपर्यंत आणि परत, आणि शेवटी ती भावावर येऊन थांबली.

"तुमचं एकमत तुमच्याकडे ठेवा," ती म्हणाली. "घटकेपूर्वी दुसरं होतं. हा राहा म्हणतोय, तर राहीन."

ती उठली, खुर्ची आत ओढली आणि दारात जरा थबकली.

"आज आवाज आला रे तुझा," ती म्हणाली.